एकच रेघ

धाकटी माहेरी परत आली तेव्हा थोरलीनं दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

धाकटीनं बॅग उंबऱ्यावर टेकवली. मग थोरली पाठ फिरवून आत गेली आणि दार तसंच उघडं राहिलं. तेच काय ते स्वागत.

घर म्हणजे दुकानावरच्या खोल्या. खाली काचेचं दुकान, या दोघींच्या वडिलांनी उभं केलेलं. ते गेल्यापासून थोरलीचा नवरा ते चालवत होता. धाकटी त्याला दाजी म्हणायची. तो तिला मेहुणीबाई म्हणायचा, आणि 'बाई' असं ओढायचा की पायाखाली काहीतरी चिकट आलंय असं वाटावं.

माणूस कडू होता, पण हात गोड होता. ते धाकटीनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ती त्याला बघायची. तो टेबलावरच्या घोंगडीवरून हात फिरवायचा, एखादी कच आहे का ते बघायचा. काच निजवायचा. कटरचं इवलं चाक रॉकेलमध्ये बुडवायचा. पट्टी लावायचा आणि पलीकडच्या कडेपासून स्वतःच्या पोटापर्यंत हात ओढायचा, एकदाच. कुणीतरी शेजारच्या खोलीत रेशीम फाडतंय असा आवाज व्हायचा. काचेवर दिसायला काहीच नसायचं, नुसता केसाएवढा उजेड. मग दोन्ही अंगठे, एक हलका झटका, टक्. एका काचेच्या दोन काचा, जणू त्या आधीपासूनच वेगळ्या होत्या.

एकदा तिनं विचारलं, "दाजी, मला शिकवा."

"काय, कापायला?" त्यानं वर बघितलंही नाही. "संसार कापून आलात की मेहुणीबाई. तेवढं पुरे एका माणसाला."

वरून थोरली हसली. जिन्यातून हसू खाली आलं आणि धाकटीच्या मानेवर बसलं.

तिनं गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून स्वतःचा कटर आणला. कुणाला दाखवला नाही. दुपारी दाजी जेवून आडवा झाला की ती मागच्या अंगणात जायची. नव्या काचेचे तुकडे दाजी कुलपात ठेवायचा, ते भट्टीवाला वजनावर न्यायचा. पण लोकांच्या खिडक्यांतून काढलेल्या जुन्या काचा पिंपात पडून असायच्या. कडांना रंग, काच चौकटीत बसवायची वाळलेली लांबी, कित्येक उन्हाळे-पावसाळे झेलून आंबट झालेल्या. त्यांना कुणी वाली नव्हता. तिनं त्याच घेतल्या.

जुनी काच रुसलेली असते. हळू बोलाल तर ऐकत नाही. चाक नुसतं घसरायचं, रेघच उमटायची नाही. उमटली तरी झटका दिला की तडा भलतीकडे पळायचा. रेघ दुसऱ्यांदा गिरवावी तर काच चिडायची आणि चुरा व्हायची. म्हणून ती खांद्यातून जोर लावायला शिकली. अंगठ्याच्या पेरावर आधी फोड आला, मग घट्टा. बोटांवर बारीक चिरा. मनाशी ती पुटपुटायची, दाब गं दाब, ओढ गं ओढ, एकदाच जायचं, मागं नाही बघायचं. कधी पिंपाशी बसून रडायची, मग नाक पुसून पुढची काच घ्यायची. आणि हळूहळू त्या रुसलेल्या काचा तिचं ऐकू लागल्या.

"बंद कर ती कुरकुर," थोरली खिडकीतून म्हणायची. "शेजारी विचारतायत, तुमच्याकडे उंदीर झालेत का म्हणून."

"सांग, एकच आहे. पण मोठा आहे."

थोरली खिडकी लावून घ्यायची.

आणि मागच्या दाराच्या फटीत कधीकधी दाजी उभा असायचा, दात कोरत. बघायचा आणि जायचा.

मग एका सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता तो म्हणाला, "फोन केला होता मी. रविवारी येतोय तुमचा नवरा. बॅग भरून ठेवा."

"मी जाणार नाही."

"मग काय करणार?" थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जन्मभर माझ्या ताटात जेवणार? मी ह्यांची बोलणी खाते तुझ्यापायी, रोज. माझंही घर आहे. स्वतःचं पोट स्वतः भर आणि खुशाल राहा. नाहीतर तो नेईल तिकडे जा."

धाकटी उभी राहिली. "टेबलावर उभं राहू द्या मला. मला काच कापता येते."

दाजीनं थोरलीकडे बघितलं. त्याच्या मिशीच्या टोकाला हसू आलं. "गिऱ्हाइकासमोर?"

"गिऱ्हाइकासमोर. नाही जमलं तर रविवारी जाईन."

गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावरची सलूनवाली फळीसाठी काच घ्यायला आली होती. घाईत होती, तरी तमाशा आहे म्हटल्यावर स्टूल ओढून बसली. दाजीनं स्वतः काच टेबलावर निजवली, नवीकोरी, कारखान्यातून आलेली, स्वच्छ. इतकी स्वच्छ की घोंगडीवर काच आहे हेच कळेना. मग दोन पावलं मागं सरून त्यानं हाताची घडी घातली.

धाकटीनं सगळं नीट केलं. घोंगडी झटकली, चाक बुडवलं, पट्टी लावली. खांद्यातून जोर लावला आणि हात ओढला.

रेशमाचा आवाज आला नाही. दातांत वाळू आल्यासारखा आवाज आला. रेघ पांढरीफटक पडली, दोन्ही बाजूंनी साखरेसारखी कच उडाली. तिला कळलं की काहीतरी चुकलं, पण काय ते कळलं नाही. तिनं झटका दिला. तडा रेघेवरून निघाला, अर्ध्यावर रेघेचा हात सोडला आणि वाटेल तसा वळत कोपऱ्याकडे गेला.

"मेहुणीबाई," दाजी म्हणाला, "काच आहे ती, नवरा नाही. एवढा राग कशाला?"

सलूनवाली खळखळून हसली, मग धाकटीचं तोंड बघून तिनं पदराची चाळवाचाळव केली. दाजीनं दुसरी काच घेतली आणि बोलता बोलता कापली, जशी काही हवाच कापावी. थोरली झाडू घेऊन आली. तुकडे गोळा करताना तिनं मान वर केली नाही.

"बॅग माळ्यावर आहे," ती म्हणाली.

धाकटी वर गेली नाही. मागच्या अंगणात, पिंपापाशी गेली. एक जुनी काच घेतली, दगडावर ठेवली, कापली. टक्. सरळ. आणखी एक. टक्. सरळ. हात तोच होता. जोर तोच होता. मग ती त्या घट्ट्याकडे बघत बसली आणि तिच्या लक्षात आलं. रुसलेल्याला जेवढं दाबून बोलावं लागतं, तेवढं हसऱ्याला बोललं तर ते घाबरून मोडतं. नव्या काचेला बोटाचा भार पुरला असता. तिनं खांदा दिला होता.

मागच्या दारात दाजी उभा होताच.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "इतके दिवस बघत होतात. माझा हात जड होतोय, हे दिसत होतं तुम्हाला."

"दिसत होतं."

"मग बोललात का नाही?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

"पहिल्या आठवड्यात विचारलं होतं."

त्यानं खांदे उडवले. "आता तो हात हलका व्हायला वर्ष जाईल. जुनी काच कापायची सवय म्हणजे खोड. आणि जुनी काच कापून मागायला येतो कोण? मी तर शिवत नाही. दहांतल्या नऊ फुटतात."

तो हे खिजवायला बोलला, आणि बोलून झोपायला गेला. धाकटी मात्र तिथंच उभी राहिली. तिच्या दहांतली एखादीच फुटायची.

शुक्रवारी सकाळी ती पुलापलीकडच्या वखारीत गेली. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या तिथं विकायला असत. आवारभर चौकटी भिंतीला टेकून उभ्या, नुसत्या खिडक्याच खिडक्या, आणि मागं घर नाही. मालक म्हातारा होता, उकिडवा बसून एका चौकटीतली काच हातोडीनं फोडून काढत होता.

"फोडता कशाला?" धाकटीनं विचारलं.

"मग काय, पूजा करू?" म्हातारा म्हणाला. "गिऱ्हाइकाला खिडकी लहान हवी. लाकूड कापून मिळतं, काच मिळत नाही. बाजारातला एक लेकाचा जुन्या काचेला हात लावत नाही. नवी बसवली तर म्हणतात, शोभा गेली. तुला काय पाहिजे? दार का खिडकी?"

"काम."

"इथं बायांचं काम नाही."

"मी कापते जुनी काच."

त्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, घाईनं नाही. "फुटली तर?"

"तसंही तुम्ही फोडतच आहात."

त्यावर तो रागावला. रागानंच त्यानं एक फळी दोन लाकडांवर टाकली, वर गोणपाट पसरलं आणि एक काच आणून आदळावी तशी ठेवली. जुन्या चालीची काच. पाण्यावर वारा गेल्यासारख्या तिच्या अंगात लाटा. धाकटीनं तिच्यावरून तळहात फिरवला. चाक बुडवलं. खांदा दिला.

टक्.

"नशीब," म्हातारा म्हणाला.

दुसरी कापली.

"हेही नशीब?"

"तोंड वाजवू नको. ही काप."

तिसरी फुटली. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "हां. मी म्हणतच होतो."

"कडेला लांबी राहिली होती. मी खरवडली नाही," धाकटी म्हणाली. "चूक माझी." आणि ती पुढची काच न सांगता उचलून आणायला गेली.

संध्याकाळपर्यंत म्हातारा कुरकुरत होता. गोणपाट घाण केलं, रॉकेल सांडलं, उभी राहते ती वाटेतच राहते. निघताना मात्र म्हणाला, "उद्या लवकर ये. साबूत काचेचे पैसे मिळतील. फुटलेली तुझ्या नावावर."

रविवारी तिचा नवरा वखारीत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. मागं दाजी. वाट दाखवायला आला होता.

"झालं नाटक?" नवरा म्हणाला. "चल."

"मी येत नाही."

"भंगारात हमाली करणार? लोक काय म्हणतील मला?"

"ए, भंगार कुणाला म्हणतोस?" म्हातारा लांबून ओरडला. "घ्यायचंय काही? नाहीतर बाजूला हो, उजेड अडवतोयस तिचा."

नवरा सरकला नाही. त्याची सावली फळीवर पडली होती. धाकटीनं त्या सावलीतच पट्टी लावली. तिनं हात ओढला, पट्टी निसटली, रेघ वाकडी गेली. काच फुटली.

नवरा हसला. "हे शिकलीस?"

म्हाताऱ्यानं सात पिढ्यांचा उद्धार केला, तिच्या की काचेच्या ते समजलं नाही. धाकटीनं तुकडे डब्यात टाकले. दुसरी काच आणली. कडा खरवडल्या, अगदी शेवटच्या कणापर्यंत. नवरा बोलत होता; घर, पैसा, आई काय म्हणाली, शेवटची संधी. ती ऐकत होती, नाही असं नाही. पण कान एकीकडे आणि हात एकीकडे, असं तिला आता जमत होतं. तिनं हात ओढला.

टक्.

दाजी पुढं आला. कापलेला तुकडा उचलून त्यानं कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. परत ठेवला. कपाळावरची आठी काही गेली नाही.

"पट्टीखाली ओलं फडकं घाला," तो म्हणाला. "घसरणार नाही."

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. तो नजर चुकवून चौकटींकडे बघत होता.

"आणि तुमच्या बहिणीनं सांगितलंय," तो म्हणाला, "राहायचं असेल तर खोलीचं भाडं द्यावं लागेल. फुकट नाही."

"देईन. पण खोलीची किल्ली माझ्याकडे राहील."

"किल्ली?"

"भाडेकरूकडे असते."

दाजीनं तोंड वाकडं केलं. "विचारतो तिला," म्हणाला आणि वळला. नवरा तिथंच उभा होता, एकदा दाजीच्या पाठीकडे, एकदा तिच्याकडे बघत.

"म्हणजे मी एकट्यानंच जायचं?"

म्हातारा एक मोठी खिडकी खांद्यावर घेऊन आला आणि "पाय सांभाळ," म्हणत त्याच्या बुटांवरून नेली. नवऱ्यानं पाय मागं घेतले. धाकटी कोपऱ्यातल्या नळाशी गेली, एक फडकं ओलं केलं, पिळलं आणि पट्टीखाली अंथरलं. मग फळीवर पुढची काच निजवली.