दोन सूत कमी

काहीतरी अडकल्याशिवाय हॉलिस ट्रॅमेलला कुणी बोलावत नसे. त्यामुळे त्याचा ट्रक तेलविहीर खणणाऱ्या रिगच्या आवारात शिरला की कुणाचंच तोंड उजळत नसे. वैद्य चांगला असावा, पण त्याचं तोंड बघायची वेळ येऊ नये, तसला त्याचा धंदा. तेलविहिरीच्या खोल भोकात तुटलेलं, पडलेलं, रुतून बसलेलं लोखंड तो बाहेर काढायचा. पश्चिम टेक्सासात त्या लोखंडाला मासा म्हणतात आणि काढणाऱ्याला मासेमार. आता कर्मिटच्या आसपास ओंजळभर पाणी दिसायची मारामार, पण नाव पडलं ते पडलं.

ह्या खेपेला मात्र ट्रकमधून उतरायला हॉलिसच टाळाटाळ करत होता. पाइप तुटला तेव्हा रिगचं यंत्र चालवणाऱ्या ड्रिलरच्या जागेवर त्याची लेक होती, रेना. मचाणावर चिखलात पाइप जोडता जोडता ती ड्रिलरच्या केबिनपर्यंत पोचली, त्याला जेमतेम एक उन्हाळा झाला होता, आणि कानामागून आली अन् तिखट झाली म्हणणारे रिगवर पैशाला पासरी होते. अर्धा पाइप वर आला होता, उरलेला अर्धा, टोकाच्या खडक फोडणाऱ्या बिटासकट, खाली राहिला होता. तो निघाला तर रेना टिकणार. नाही निघाला तर भोकात सिमेंट ओतायचं, बाजूने नवीन वाट पाडायची, आणि रेनाने परत फावडं हातात घ्यायचं. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि तिच्या बापालाही नव्हती.

मासेमाराचा पहिला नियम असा, की रिगवर कुणी काही सांगितलं तर मान डोलवायची आणि विसरून जायचं. पेशंट डॉक्टरशी बोलतो तेवढंच खरं रिगवाले मासेमाराशी बोलतात. जोर किती लावला होता? छे, नेहमीएवढाच. भोकात काही पडलं का? देवाशपथ नाही. आणि मग वर येतो हातोडा! हॉलिसने हातोडे काढले होते, साखळ्या काढल्या होत्या, एकदा तर कुणाचा जेवणाचा डबा काढला होता, झाकणासकट. एकाही वस्तूला आजवर मालक सापडलेला नाही.

"या या, डॉन हॉलिस!" मचाणावरचा जुना गडी नाचो वरूनच ओरडला. "जाळं आणलंत का?"

"जाळं कशाला, तुलाच गळाला लावून सोडतो. काय पाडलंस खाली?"

"आईशप्पथ काही नाही! माझं तर हेल्मेटसुद्धा हनुवटीला बांधलेलं असतं." मग नाचोने आवाज खाली आणला. "एक मात्र सांगतो. कीनसाहेब ट्रेलरमध्ये ट्यूनाचं सँडविच खातोय. मासा काढायचाय आणि हा मासा खातोय! आता तुम्हीच बघा."

मासा काढायचं काम चालू असताना रिगवर कुणी मासा खात नाही. का खात नाही ते कुणालाच माहीत नाही, पण खात नाही. वॉलेस कीन हा तेल कंपनीचा माणूस, सगळी विहीर त्याच्या हुकमाखाली, पण हा साधा नियम त्याच्या डोक्यात कधी शिरला नाही.

तेवढ्यात रेना शिडी उतरून आली. घरी ती बापाला अरेतुरे करायची. रिगवर नाही.

"मासेमार, तुम्हाला एक सांगायचंय. पाइप जोडावर तुटलाय. खाली जो राहिलाय त्याचं डोकं कागदावर लिहिलंय त्यापेक्षा बारीक आहे. दोन सूत कमी. भाड्याच्या खेपेतला घासलेला पाइप होता तो, आणि..."

"भाड्याचा पाइप!" हॉलिसने कपाळावर हात मारला. "अगं, तुझ्या आजोबांच्या काळापासून प्रत्येक ड्रिलर हेच रडगाणं गातोय. नाचता येईना, अंगण वाकडं. तू तरी काही नवीन शोधायचंस!"

आजूबाजूचे खो खो हसले. रेना हसली नाही. ती पाठ फिरवून शिडी चढली. हॉलिसला वाटलं, बरं झालं. बापाने लेकीला सवलत दिली असं उद्या कुणी म्हणायला नको. तरी त्याच्या मनाला काहीतरी टोचत राहिलं ते राहिलंच.

त्याने ट्रकमधून ओव्हरशॉट उतरवला. ओव्हरशॉट म्हणजे एक लांब पोलादी टोपी. ती माशाच्या डोक्यावर चढते आणि तिच्या आतली दातेरी पकड डोकं आवळून धरते. पण पकड मापाची हवी. सैल झाली की मासा निसटला, घट्ट झाली की टोपी डोक्यावर बसतच नाही. आणि दोन सूत म्हणजे पाव इंच. बाजारात पाव इंचाला कोण विचारतो? इथे तेवढ्यावर विहीर जाते. हॉलिसने कागदावरच्या मापाची पकड आत चढवली आणि टोपी खाली सोडली.

मग ते जीवघेणं वाट बघणं. पाइपला पाइप जोडत हत्यार तळाकडे जाणार, सकाळची दुपार होणार, आणि तोवर मासेमाराला काही म्हणजे काही काम नाही. हॉलिसच्या पायाला भिंगरी लागली. तो पाइपांच्या रांगेपर्यंत गेला, परत आला. कॉफी ओतून घेतली आणि प्यायची विसरला. वारा इतका सुटला होता की दातांत वाळू करकरत होती. ट्रकमध्ये बसला, उतरला, पुन्हा बसला. वर केबिनच्या काचेमागे रेनाचं डोकं दिसत होतं. ती एकदाही खाली बघत नव्हती. आपल्याच लेकीची आपल्याला भीती वाटावी म्हणजे काय, ह्याचा त्याला राग आला, आणि तो राग त्याने मेस्कीटच्या झुडपाला लाथ मारून काढला. काटे बुटात घुसले.

टोपी डोक्यावर बसली. तेवढं सगळ्यांना जाणवलं. रेनाने पाइप हळूच वर ओढला. वजनाचा काटा चढला, थोडा अजून चढला, नाचोने हाताची मूठ वळली, आणि काटा धपकन खाली आला. पुन्हा चढवली, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हॉलिसनेच हात हलवून नको म्हटलं.

संध्याकाळपर्यंत टोपी वर आली, रिकामी. पकडीचे दाते जवळजवळ कोरे होते, एका बाजूने थोडेसे घासले होते, बस्स.

"ट्यूना," नाचो म्हणाला. कुणी हसलं नाही.

कीन ट्रेलरमधून तणतणत आला. "ऑफिसचा फोन होता. अजून एक फेरी देतायत, एकच. मग सिमेंट." त्याने टोपीत डोकावून बघितलं, जसं काही त्याला कळणारच होतं. "माशाचं डोकं फाटलं असणार. उद्या शिशाचा ठोकळा सोड. त्याच्यावर ठसा उमटेल, काय आहे ते एकदाचं कळेल."

"कळेल," हॉलिस म्हणाला. "पण हातात काय येईल? ठसा! फेरी संपली तिथेच."

"निदान रिपोर्टात लिहायला काहीतरी असेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी देणारी ही जात, हॉलिस मनात म्हणाला. पण त्याचंही डोकं चालत नव्हतं. माशाचं डोकं खरंच फाटून फुललं असेल तर लहान पकड चढणारच नाही, उलट दात मोडतील. बारीक असेल तर मोठी पुन्हा निसटेल. आणि बारीक आहे असं सांगणारं माणूस अख्ख्या रिगवर एकच होतं.

मचाणाला लागून एक पत्र्याची खोली होती. रेना तिथे बाकावर बसली होती, नाचोच्या आईने पाठवलेला बरीटो हातात, कागदसुद्धा न सोडलेला. हॉलिस दारातच उभा राहिला. त्याला आत जायला लाज वाटत होती, हे खरं.

"सकाळी तू 'आणि' म्हणालीस," तो म्हणाला.

"काय?"

"भाड्याचा घासलेला पाइप होता, आणि. पुढचं मी तुला बोलूच दिलं नाही. काय होतं पुढे?"

रेनाने बरीटो मांडीवर ठेवला. "आणि तो मीच खाली सोडला. घासलेला दिसला म्हणून कॅलिपर लावून मोजला होता. दोन सूत कमी. बाजूला काढायला हवा होता, पण आम्ही आधीच मागे पडलो होतो. म्हटलं, एका पाइपाने काय होतंय. चूक माझी आहे, बाबा. पाइपाची नाही."

आजवर किती ड्रिलर आले, भाड्याच्या पाइपाला शिव्या घालून गेले. त्यांतल्या एकानेही चूक माझी आहे म्हटलं नव्हतं. सबब सांगणारा माणूस बोट दुसरीकडे दाखवतो. ही तर स्वतःकडे दाखवत होती, आणि त्याने चार लोकांत तिला हसण्यावारी नेलं होतं.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"हो," रेना म्हणाली, आणि बरीटोचा कागद सोडायला लागली.

सकाळी कीन कॉफी घेऊन मचाणावर आला तेव्हा हॉलिस लहान पकड बसवत होता.

"ठोकळा कुठाय?"

"ठोकळा नाही. दोन सूत लहान पकड घालतोय. मला वाटतं की..."

"तुम्हाला नाही, मला माहितीये," रेना मध्येच म्हणाली. हॉलिसने तिला डोळ्यांनी दटावलं, गप्प बस, मी निभावतो. पण ती बापावरच गेली होती. "कीनसाहेब, तो पाइप घासलेला आहे. मी मोजला होता आणि तरीही खाली सोडला. माप माझं आहे."

कीनने कप खाली ठेवला. "म्हणजे तू कबूल करतेस?"

"हो."

"मासा आला नाही तर आजच सामान उचलायचं."

"आणि आला तर?"

"आधी येऊ दे." मग तो हॉलिसकडे वळला. "आणि तू हिच्या नुसत्या तोंडच्या शब्दावर शेवटची फेरी उधळणार? तू? तुझा तर म्हणे सख्ख्या आईवर विश्वास नाही."

"आई कधी ड्रिलर नव्हती," हॉलिस म्हणाला. "हत्यार कुठलं घालायचं ते मासेमार ठरवतो. चुकलं तर मलाही पुन्हा बोलवू नका."

टोपी खाली गेली. आता कालचं परवडलं असं व्हायची वेळ आली. काल विहिरीचा आणि रेनाच्या जागेचा प्रश्न होता, आज दोघांच्या पोटापाण्याचा. हॉलिस आवाराला फेऱ्या घालू लागला. पोरीचं एक सूत चुकलं असलं तर? घाईत मोजलं असलं तर? शिसं सोडलं असतं तर निदान खात्री... पुन्हा तेच! त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली. रेना वर केबिनमध्ये शांत बसली होती की तीही आतून अशीच पेटली होती, हे काचेमुळे कळत नव्हतं. त्याला वाटलं, वर जावं, तिच्या शेजारी उभं राहावं. मग वाटलं, नको, उगाच तिला वाटेल की बाप पहारा देतोय.

नाचो धावत आला, डोळे चमकत होते. "डॉन हॉलिस, खबर आहे! कीनसाहेबाच्या बायकोने आजही ट्यूना दिला होता. त्याने आवारातल्या कुत्र्याला घातला. आपल्या डोळ्यांनी बघितलं. स्वतः बिस्किटं खातोय, उतरलेल्या तोंडाने."

हॉलिसला हसू फुटलं, आणि ते लगेच विरलं, कारण वर यंत्राचा आवाज बदलला होता.

तो शिडी चढून गेला. टोपी माशाला टेकली होती. रेनाने पाइप उजवीकडे हलकेच फिरवत खाली सोडला. टोपी डोक्यावर बसली. बसली! तिने ओढायला सुरुवात केली. काटा चढला, काल ज्या ठिकाणाहून कोसळला होता तिथे आला, आणि तिथे मचाणावर कुणी श्वास घेतला असेल तर शप्पथ. काटा त्याच्याही पुढे गेला. पुढे, अजून पुढे, आणि खाली एक झटका बसून सगळं मचाण हादरलं. मासा सुटला होता. काटा वर जाऊन थांबला तो तिथेच राहिला.

नाचो नाचायला लागला. कीन "अरे वा, अरे वा" करत राहिला. पण हॉलिस आणि रेना दोघंही हलले नाहीत. पकडलेला मासा वाटेत निसटू शकतो. एखादा धक्का, पाइप उलटा फिरला, घाई झाली, की सगळं पुन्हा तळाला. आता हॉलिसच्या हातात काहीच नव्हतं. सगळं रेनाच्या हातात होतं, आणि तिचा हात असा चालला होता जसं काही झोपलेलं मूल पाळण्यातून उचलायचंय. एका पाइपामागून एक पाइप वर आला. कीन दोनदा म्हणाला, जरा भरभर नाही का होणार? दोनदा तिने ऐकलंच नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा टोपी भोकातून बाहेर आली आणि तिच्यामागून चिखलाने माखलेला पाइप. मासा पुरता वर आला, बिटासकट. नाचोने टोपी सोडवली आणि पाण्याचा फवारा मारून माशाचं डोकं धुतलं. अखंड होतं. कुठे फाटलं नव्हतं.

हॉलिसचा हात सवयीने खिशातल्या कॅलिपरकडे गेला आणि तिथेच थबकला. केबिनच्या काचेतून रेना त्याच्याकडेच बघत होती. त्याने रिकामा हात खिशातून काढला आणि पँटला पुसला.

केबिनचं दार उघडून ती बाहेर आली. "थांबलास का? मोज की."

"आता काय मोजायचंय. तू सांगितलंस ना."

"बाबा, न मोजणारा कसला मासेमार? तुझ्या जागी मीही मोजलंच असतं." तिने हातमोजे काढले. "फक्त समोरच्याचं बोलणं आधी पुरतं ऐकलं असतं."

हॉलिसने कॅलिपर काढला, माशाच्या डोक्याला लावला, वाकून वाचला. मग कीनकडे तोंड करून, वाऱ्यातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडला, "दोन सूत कमी!"

कीन रेनाला "सामान राहू दे" म्हणाला आणि ऑफिसला फोन करायला ट्रेलरकडे गेला.

"अजून काही सांगायचंय?" हॉलिसने लेकीला विचारलं, आणि कॅलिपर खिशात टाकून गप्प उभा राहिला.