बारातले तीन

मी एक जुना क्रशर आहे. नाव ऐकून खडी फोडणारे अवाढव्य यंत्र डोळ्यांसमोर आले असेल, तर ते विसरा. मी कॉम्प्युटर फोडतो. एका उंच इमारतीच्या तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी आणि मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाजवळ माझा मुक्काम आहे. वरच्या सात मजल्यांवर सायबर सुरक्षेची कंपनी आहे. लोकांची माहिती चोरांच्या हाती लागू नये म्हणून तिथे दिवसभर डोळ्यांत तेल घालून पहारा चालतो. ज्या यंत्रांत ती माहिती साठलेली असते, ती जुनी झाली की माझ्या तोंडी येतात.

पोलादाचे दोन रूळ, त्यांवर वाकडे दात आणि खाली चुरा झेलणारा पत्र्याचा ट्रे, एवढाच माझा देह. कारखान्यात परीक्षा घेताना फोरमनने माझ्या तोंडात सायकलची चेन टाकली होती. ती मी दोन मिनिटांत संपवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आपण कोणीतरी मोठे आहोत, असे मला वाटले. तेव्हा मी नवा होतो, मित्रांनो.

पहिली वर्षे मानाची गेली. साहेब पाहुण्यांना मुद्दाम खाली आणत, माझ्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "आमच्याकडून काहीही निसटत नाही." तेव्हा फक्त डिस्क काढून मला देत. पुढे संशय वाढला, तसे अख्खे लॅपटॉप येऊ लागले. तीन वर्षे वापरले की बदलायचे, असा नियम होता. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी धडधाकट असत. मला चालवणारे काका टाकण्याआधी प्रत्येकाचे झाकण फडक्याने पुसत. जे फोडायचे ते पुसायचे कशाला, हे मला चौदा वर्षांत कळले नाही. पण त्यांनी पुसलेला लॅपटॉप चावताना दरवेळी जिवावर यायचे.

मग कंपनीला पर्यावरणाची काळजी वाटू लागली. कागदी पेले गेले. जिन्यात कुंड्या आल्या. माणूस हलला तरच पेटणारे दिवे लागले. काका पडले स्वस्थ बसणारे, त्यामुळे दर दहा मिनिटांनी त्यांना अंधारात हात हलवत बसावे लागे. माझ्या चुऱ्याचेही वजन होऊ लागले. तो धातू वितळवणाऱ्यांकडे जाई, म्हणून वार्षिक अहवालात त्याची नोंद 'पुनर्वापर' अशी होई. म्हणजे मी जितके जास्त फोडीन, तितकी कंपनी हिरवी! माझ्या अंगावर हिरव्या पानाचे चित्रही चिकटवले. खरे सांगतो, मला त्याची लाज वाटे.

पर्यावरणाच्या या कामासाठी एक नवीन ताई नेमल्या गेल्या. एक दिवस त्या तळघरात आल्या आणि काकांचे रजिस्टर चाळू लागल्या.

"काका, हे सगळे बिघडलेले होते का हो?"

"छे! निम्मे तर माझ्या घरच्यापेक्षा चांगले."

"म्हणजे आपण चांगली वस्तू फोडतो आणि वर चुऱ्याचं कौतुक करतो?"

"फोडतो मी, ताई. कौतुक वरच्या मजल्यावर होतं."

सफाईच्या मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीतल्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर आहे बघा. माझी सून नोकरीच्या परीक्षेसाठी त्यावर शिकते. रांगेत उभं राहून अर्धा तास मिळतो, तोही कोणी मागे खोळंबलं नसेल तर."

ताईंनी ते मनावर घेतले. चार महिने त्या साहेबांच्या मागे लागल्या. शेवटी परवानगी मिळाली. बारा लॅपटॉपमधली माहिती कायमची पुसायची आणि ते वाचनालयाला द्यायचे. अट एकच होती. ज्याने तो लॅपटॉप वापरला, त्याने शुक्रवारी दुपारपर्यंत मेलवरून संमती द्यायची. संमती नसेल, तर लॅपटॉप माझ्याकडे. मावशींनी आणि त्यांच्या सुनेने वाचनालयात बारा टेबले घासूनपुसून मांडलीसुद्धा.

ताईंनी मेल पाठवली. 'शुक्रवारच्या आत येथे क्लिक करा.' आता या इमारतीतली माणसे वर्षानुवर्षे एकच गोष्ट शिकली आहेत. घाई करणाऱ्या आणि क्लिक करायला सांगणाऱ्या मेलवर विश्वास ठेवायचा नाही. अकरा जणांनी ती मेल फसवी म्हणून कळवली. ताई त्याच मजल्यावर बसत, पण उठून विचारले कोणीच नाही. यंत्रणेने ताईंच्या मेल अडवल्या आणि फसवी मेल कशी ओळखावी, याचा अर्ध्या तासाचा धडा त्यांनाच पाठवला. तो सगळ्यांनाच आला असेल असे समजून ताईंनी तो मुकाट्याने पूर्णही केला. संमती थेट काकांकडे जाणार होती, म्हणून त्या निश्चिंत होत्या.

शुक्रवारी तीन वाजता बारा लॅपटॉपची गाडी माझ्यासमोर उभी राहिली. काकांकडे एकही संमती आली नव्हती. त्यांनी पहिला पुसला, टाकला. दुसरा. तिसरा. एवढ्यात मावशी बादली घेऊन आल्या आणि जागीच थबकल्या.

"अहो काका, हे आमच्या वाचनालयाचे ना?"

"संमती नाही आली, मावशी."

"आली नाही, का कोणी विचारलंच नाही?"

काकांनी माझे बटण बंद केले. अर्धवट कामात ते कधीच थांबत नसत. त्यांनी ताईंना फोन लावला. ताई धावतच खाली आल्या. त्यांनी ट्रेमधला चुरा पाहिला.

"पाचला मला खोली बंद करावी लागते," काका म्हणाले. "तोवर थांबतो."

ताई कोरा कागद घेऊन वर पळाल्या. पाचला दहा कमी असताना परतल्या, तेव्हा कागदावर आठ सह्या होत्या. "म्हणतात कसे, आधीच कागद आणला असतात तर तेव्हाच सही केली असती!" त्यांना धाप लागली होती.

काकांनी मोजले. "लॅपटॉप नऊ आहेत."

ताईंनी नववा उलटून नंबर पाहिला आणि कपाळावर हात मारला. रुजू होताना त्यांना वापरायला मिळालेला जुना लॅपटॉप तोच होता. सगळ्यांना मेल पाठवली, पण स्वतःला आलेली उघडायचे राहून गेले होते. त्या हसत हसत सही करायला वाकल्या आणि सही होईपर्यंत रडू लागल्या.

नऊ लॅपटॉप वाचनालयात गेले. मावशींची सून आता रोज दोन तास शिकते.

त्या संध्याकाळी मावशींनी माझा ट्रे झाडला. काकांनी चुऱ्याचे वजन केले, पण 'पुनर्वापर'च्या रकान्यात ते लिहिले नाही. तिथे त्यांनी पेनाने लिहिले, "तीन. चालू होते."

मित्रांनो, माझे दात आता झिजले आहेत आणि जीव थकला आहे. वस्तू जुनी दिसली म्हणून माझ्याकडे धाडण्याआधी जागेवरून उठा आणि कोणाला हवी आहे का, ते विचारून या. वाचनालयात तीन टेबले अजून रिकामी आहेत. मला उपाशी ठेवा.