केक मी पाडला!

नाही ना ओळखलंत मला? अहो, ओळखणार तरी कसे! मित्रांनो, ज्या दहा वर्षांत मी खरं काम केलं, त्या दहा वर्षांत माझं तोंडसुद्धा कोणी पाहिलं नाही. मी आहे एक जुना इंजिन माउंट. लोखंडाचा एक तुकडा आणि त्याच्या पोटात रबराचा जाड गोळा, एवढाच माझा पसारा. गाडीचं इंजिन आम्हा तीन भावांच्या खांद्यावर बसलेलं असतं. त्याने दिवसभर धडधडायचं, हिसके द्यायचे, आणि ते सगळे हिसके आम्ही पोटात घालायचे. म्हणून तर आत बसलेल्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात माझं रबर लोखंडाला असं घट्ट चिकटवलं की बस्स! तपासणीच्या बाईंनी मला दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं, "दणकट आहे पोरगं" म्हणाल्या, आणि खोक्यात टाकलं. ती माझी पहिली शाबासकी. दुसरीसाठी फार थांबावं लागलं.

मी ज्या गाडीत बसलो ती छोटी पांढरी गाडी एका काकूंची होती. काकू घरी केक करत आणि स्वतः गाडी चालवत ते पोचवत. साऱ्या गल्लीची पोरं त्यांना केककाकू म्हणत. त्यांचे यजमान, म्हणजे काका, पोस्टातून निवृत्त झालेले. कागदाची घडी घालण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "काय लोण्यासारखी चालते हो गाडी!" असं लोक म्हणत, आणि कौतुक सगळं जाई इंजिनाला. मी आपला अंधारात, तेलकट तोंड करून गप्प. पण खोटं कशाला बोलू, मनातून मला फार बरं वाटायचं.

वर्षं गेली. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने माझं रबर कडक झालं, मग त्याला भेग पडली, आणि एक दिवस ते लोखंडापासून सुटलंच. आता सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरे आणि त्याच्याबरोबर सगळी गाडी. गिअर टाकला की मी धाडकन आपटायचो. काका म्हणाले, "कुठेतरी काहीतरी सैल झालंय." झालं! त्यांनी कागदाच्या घट्ट घड्या केल्या आणि डॅशबोर्डच्या फटीत एक, आरशामागे एक, दारात दोन अशा ठोकून बसवल्या. खडखडाट थांबला, थरथर तशीच. आजार रेड्याला नि इंजेक्शन पखालीला!

आणि मग तो वाईट दिवस आला. काकूंनी बालवाडीसाठी दोन मजली केक केला होता. वाटेत पाच सिग्नल लागले. पाचही ठिकाणी मी केकला गदगदा हलवलं. बालवाडीत खोकं उघडलं तर वरचा मजला घसरून खालच्याच्या मांडीवर बसलेला. मुलं हसली, पण बालवाडीच्या बाई हसल्या नाहीत. "काकू, येत्या रविवारी शाळेला पंचवीस वर्षं होताहेत. तीन मजली केक हवाय. या वेळी असं झालं, तर पुढे मला दुसरीकडेच सांगावं लागेल हो."

घरी येताना काकूंचे डोळे भरले होते. शेजारी बसलेले काका म्हणाले, "अगं, क्रीम पातळ झालं असेल. नाहीतर तू ब्रेक जोरात मारला असशील."

"अहो, तीस वर्षं क्रीम करतेय मी! आता माझाच हात बिघडला म्हणायचं का?" काकू म्हणाल्या. मग हळू आवाजात, "बिघडलाही असेल. रविवारचा केक देते आणि बंद करते हे काम."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मित्रांनो, मला इतकी लाज वाटली की काय सांगू. केक मी पाडला होता. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे! मला फक्त आपटता येत होतं. दारात गाडी थांबवताना काकूंनी रिव्हर्स टाकला आणि मी जीव खाऊन आपटलो. धाड्!

त्या हादऱ्याने डॅशबोर्डमधली एक घडी निसटून काकूंच्या मांडीवर पडली. काकूंनी ती उलगडली. गुळगुळीत, जाड कागद, छापलेला. त्या वाचू लागल्या, "'गाडी उभी असताना थरथरत असल्यास इंजिनाचे माउंट तपासावेत.' अहो! हे गाडीचं पुस्तक फाडलंत तुम्ही?"

"कागद चांगला जाड होता," काका पुटपुटले. "फटीत नेमका बसत होता."

काकू इतक्या हसल्या की शेजारीण खिडकीत आली. लगेच बॉनेट उघडलं. कागदात लिहिलं होतं तसं काकांनी हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय दाबून ठेवला आणि क्लच किंचित सोडत एकदा पहिला गिअर टाकला, एकदा रिव्हर्स. काकू बाजूला उभ्या राहून बघत होत्या. इंजिन बोटभर हलायचं, ते चांगलं वीतभर उसळलं. काकूंनी बॅटरी लावून माझी भेग पाहिली आणि म्हणाल्या, "सापडला!" आयुष्यात पकडलं जाण्याचा एवढा आनंद कोणा चोराला झाला नसेल.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला आठवडाभर सवड नव्हती. त्याने नवा माउंट दिला आणि काम कसं करायचं ते नीट समजावलं. शनिवारी सकाळी काकांनी चाकांना विटा लावल्या, गाडीच्या बॅटरीची वायर सोडली, इंजिनाखाली जॅक ठेवला. जॅकचं लोखंड थेट टेकलं तर खालचा पत्रा चेपतो, मध्ये लाकूड हवं. काकू आत गेल्या आणि केकची आपली सगळ्यात लाडकी फळी घेऊन आल्या. जॅकने इंजिनाचा भार तेवढा उचलला, बोल्ट सुटले, आणि दहा वर्षांनी मी उजेडात आलो.

नवा माउंट मात्र बसेना. एक बोल्ट लागला की दुसऱ्याचं भोक सरके. काका घामाघूम. त्यांनी हातोडा उचलला.

"ठेवा तो खाली!" काकू गरजल्या. "मी केकचे मजले कसे बसवते? आधी सगळं सैल. अलगद जागेवर आणायचं, मगच दाबायचं." त्यांनी लागलेला बोल्ट सैल केला, जॅक केसभर वर घेतला. भोकं समोरासमोर आली. सगळे बोल्ट आधी बोटांनीच फिरवले, इंजिन हळूच खाली बसवलं आणि शेवटी पान्याने आवळले.

रविवारी तीन मजली केक गेला. मी घरीच, जुन्या डब्यात. जीव नुसता टांगणीला लागला होता. दोन तासांनी काकू आल्या त्याच मुळी गात. "अहो, तिन्ही मजले ताठ! वरची चेरीसुद्धा हलली नाही! बाईंनी पुढचाही केक सांगितला."

काका मला कचऱ्यात टाकायला निघाले, तेव्हा काकूंनी मला त्यांच्या हातातून घेतलं, घासूनपुसून लख्ख केलं. "दहा वर्षं माझे केक यानेच सांभाळले. दणकट आहे हो!"

ही माझी दुसरी शाबासकी.

मित्रांनो, एखादी वस्तू थरथरू लागली, आवाज करू लागली, तर तिच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबू नका. ती काहीतरी सांगत असते. वाकून बघा. आणि पुस्तक फाडण्याआधी निदान वाचा!

आता मी काकूंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी असतो. वाऱ्याने दार आपटलं की ओव्हनमधला केक बसतो, म्हणून मला तिथे ठेवलंय. कालच दार जोरात आलं. मी ते पोटात घेतलं. आतला केक फुगतच राहिला.