उशाशी उभं राहून

“पेशंट सोपवायचा तो त्याच्या उशाशी उभं राहून. टेबलापाशी बसून सोपवतात ती धुण्याची गाठोडी!”

मोठ्या सिस्टरांचा हा आवाज चिमणीच्या कानात अजून तसाच होता. नव्या नर्सना शिकवताना त्या स्वतः पेशंट होऊन खाटेवर पडत आणि पाळी बदलताना पेशंट कसा सोपवायचा ते मुलींकडून करवून घेत. कुणी त्यांच्या अंगावरून परस्पर बोललं की उठून बसत, “अगं, मी अजून आहे इथे!” वर्ग खळखळून हसे. हळू बोलणाऱ्या एकीचं ‘चिमणी’ हे नावही त्यांनीच पाडलं होतं.

आता त्या खरोखरच खाटेवर होत्या, आणि उठून बसण्याचं बळ सरलं होतं.

दुपारी त्यांनी चिमणीचं मनगट धरलं. “मला काही झालं तर माझ्या धाकट्या बहिणीला कुणाला फोन करू देऊ नकोस. तिला दिसत नाही गं. फोन ठेवला की तिच्या हातात काय उरणार? तू जा. हात धरून सांग.”

“जाईन, सिस्टर. वचन देते.”

संध्याकाळी रात्रपाळीची नर्स आली. सारा वॉर्ड तिला घाईबाई म्हणे.

“इथूनच सांग ना बाई, कागदावर आहेच की सगळं!”

“कागदावर नाही ते सांगायचंय. चल.”

चिमणीने तिला उशाशी नेलं. औषधं सांगितली, डाव्या कुशीवर त्यांना बरं वाटतं ते सांगितलं, आणि शेवटी बहिणीचं. “आता तू म्हणून दाखव.”

घाईबाईने नाक मुरडलं, पण म्हणून दाखवलं. मोठ्या सिस्टरांनी समाधानाने डोळे मिटले.

सकाळी चिमणी आली तेव्हा खाट रिकामी होती. उशीवर डोक्याचा खळगा तेवढा राहिला होता. घाईबाई तिथेच उभी होती. आज तिला कसलीच घाई नव्हती.

“पहाटे गेल्या. डाव्या कुशीवरच होत्या. मी जवळ होते. ऑफिसातले काका घरी फोन लावायला निघाले, तर मी फोनच मांडीवर घेऊन बसले. म्हटलं, लावा आता!” ती हसायला गेली, आणि मग चिमणीकडे वळली. “बहिणीला अजून काही कळलेलं नाही. तेवढं आता तुझ्याकडे.”

चिमणीने ऐकलेलं सगळं म्हणून दाखवलं, त्या रिकाम्या उशाशी उभं राहून. आवाज नेहमीसारखाच बारीक. पण एक शब्द गळला नाही.

“जा. तू येईस्तोवर मी थांबते,” घाईबाई म्हणाली.

चिमणीने हात धुतले, पुसले आणि ऊब येईपर्यंत एकमेकांवर चोळले. थंड हाताने कुणाला धरू नये, हेही त्यांनीच शिकवलं होतं. मग ती जिन्याकडे निघाली.