श्वासाला वर यावंच लागतं

मी मरळ बोलतेय. हळू बोलतेय, कारण उन्हाळ्याने बारवी धरणाचं पाणी पार आत ओढलंय आणि काठ फार जवळ आलाय.

इतर माशांना पाण्यातला श्वास पुरतो. मला पुरत नाही. तोंड बाहेर काढून हवेचा घोट घ्यावा लागतो. घोट घेतला की पाण्यावर वर्तुळ उमटतं आणि ते काठावरच्या माणसाला दिसतं. या भीतीतच मी वाढले.

आमची म्हातारी मावशी म्हणायची, "चिखलात गप्प राहायचं. माणसं येतात नि जातात." कशालाही तिचं उत्तर हेच. मला अशी चीड यायची!

गेल्या पावसाळ्यात पाणी चढून काठचं गवत बुडालं. त्यात गोल जागा साफ करून मी पहिल्यांदाच अंडी घातली. शेकडो पिल्लं निघाली, लालभडक. एकमेकांना चिकटून ती लाल रुमालासारखी पाण्यावर तरंगत. मी खाली पहारा देई. पाऊस ओसरला, गढूळ पाणी निवळू लागलं आणि तो रुमाल वरून स्वच्छ दिसू लागला. मग माझा जीव थाऱ्यावर राहीना.

एका रविवारी काठावर स्कूटर थांबली. अंबरनाथच्या कारखान्यातले विष्णुपंत गळ घेऊन आले होते. सोबत त्यांची कॉलेजातली मुलगी मीनल आणि जागा दाखवायला पाड्यावरचा पदू.

"सायब, तथं लाल दिसतंय ना, तथं खाली आय असते," पदू म्हणाला. "गळाला बेडूक लावून सोडा. पोरांवर बेडूक पडला का ती गप नाय बसत."

"बाबा, पिल्लं आहेत तिची!"

"अगं, मासा आहे तो. शेजारीण नव्हे आपली."

"मासे तर तू पण खातेस ना, ताई," पदू हसला.

"खाते. पण पिल्लांच्या आडून नाही मारत!"

तेवढ्यात बेडूक पिल्लांच्या मधोमध पडला. पाय झाडत होता. पोटाखाली गळ चमकत होता.

"सोड," मावशी खालून म्हणाली. "चार पिल्लं जातील. तू जगलीस तर पुढच्या पावसात आणखी होतील."

ही चार कुणाची मग? मी उसळले. तोंड उघडलंही होतं, पण ऐन वेळी मिटलं आणि डोक्यानेच बेडकाला ढकललं. गळ माझा ओठ चिरत गेला.

"चुकली!" विष्णुपंत ओरडले.

"परत टाका. ती येणारच. आय हाय ती."

दुसरा बेडूक पडायच्या आत धप्पकन आवाज झाला. मीनल कपड्यांनिशी पाण्यात उतरली होती. घाबरून पिल्लं तळाला गेली, त्यांच्यामागे मीही.

"मीनल! बाहेर ये, बुडशील!"

"मग ओढा ना गळाने मला!"

त्या दिवशी आम्ही वाचलो. हिवाळ्यात पाणी काचेसारखं झालं. पिल्लांचा लाल रंग उतरला, ती पांगली. थंडीने मी जडावले, वर कमी यायचे. तेवढे दिवस बरे गेले.

आता पाणी कोमट आणि हिरवं झालंय. श्वास भराभर संपतो. मावशी स्वतः सांगायची तशीच चिखलात गप्प राहिली. तो चिखल आता काठ झालाय. परवा पाड्यावरची पुतळी नावाची बाई कुदळीने तिथेच खणत होती. चिखलातले मासे पाटी भरून घेऊन गेली.

मासे खाऊ नका, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मीही बेडूक खाते. पण पाण्यावर लाल रुमाल दिसला, तर तेवढे दिवस गळ गुंडाळून ठेवा.

श्वास संपत आलाय. वर जायलाच हवं. काठावर कोण बसलंय, ते वर गेल्यावरच कळेल.