बोटाला न लागलेला केस

"काका, मला लांबची लेन्स द्या. जवळ गेलं की मासे पळतात हो."

"पळू देत की," काका म्हणाले. "तुम्हाला प्रवाळांचे फोटो हवेत ना? ते कुठे पळतात?"

प्रवाळवाल्या बाई हसल्या. कॅमेऱ्यांच्या त्या दुकानात काका एकतीस वर्षं काउंटरमागे उभे होते, आणि गिऱ्हाइकानं मागितलेली वस्तू पहिल्या फटक्यात काढून दिली तर त्यांना अन्न गोड लागत नसे. समुद्राचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी लांबून काढलेला फोटो धुरकट येतो, म्हणून रुंद लेन्स घ्यायची आणि थेट प्रवाळाच्या नाकाशी जायचं, हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ रोज सकाळी समुद्राच्या तळाशी फिरायला जातो. प्रत्यक्षात काकांना पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातही त्यांचा जीव घाबरा होई.

"आणि लाल फिल्टर घेऊ का?"

"फ्लॅश लावणार?"

"नाही."

"मग घ्या. पाणी सगळ्यात आधी लाल रंगच खातं. पण फ्लॅश लावलात तर फिल्टर काढायचा हं, नाहीतर प्रवाळांना गोवर आल्यासारखं दिसेल."

राहिली पाण्याखालची पेटी. कॅमेरा तिच्यात बंद करून खाली न्यायचा. बाई एका संस्थेसाठी दर वर्षी एकाच महिन्यात, एकाच खडकावरचे प्रवाळ टिपत होत्या. वाढतायत की मरतायत, ते ताडून बघायला. गेल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातून घेतलेल्या पेटीत पाणी शिरलं. कॅमेरा गेला, फोटो गेले, वर्ष वाया गेलं.

"यंदाही तसंच झालं तर संस्था काम बंद करणार आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून एवढ्या लांब तुमच्याकडे आले. सगळे सांगतात, काकांच्या बोटाखालून गेलेल्या पेटीत थेंब शिरत नाही."

काका खूश झाले. पेटी आणि झाकण यांच्यामध्ये रबराची काळी रिंग असते. तिच्यावर वाळूचा कण किंवा साधा केस राहिला तरी पाण्याला वाट मिळते. काकांनी डोळे मिटून रिंगवरून सावकाश बोट फिरवलं. "स्वच्छ!" म्हणाले. आत नुसता टिश्यू पेपर ठेवून त्यांनी पेटी बंद केली आणि बादलीत बुडवून वर वजन ठेवलं. तोवर बाई पलीकडच्या काउंटरवर फिल्टर बघायला गेल्या.

वीस मिनिटांनी काकांनी पेटी पुसून उघडली. कागदाचा एक कोपरा ओला होता.

त्यांनी पेटी उजेडाकडे नेली. भिंग लावून पाहिलं तर रिंगवर आडवा केस. पांढरा. म्हणजे त्यांचाच. काकांनी त्याच्यावर बोट ठेवलं, मागे-पुढे फिरवलं. केस डोळ्यांना दिसत होता आणि बोटाला लागत नव्हता. सहा महिन्यांपूर्वी शर्टाचं बटण लावून देताना बायको म्हणाली होती, "अहो, बोटं दाखवा डॉक्टरांना." त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

त्यांनी केस काढला, रिंगला ग्रीस लावलं, नवा कागद ठेवून पेटी पुन्हा बुडवली. या वेळी कागद खडखडीत कोरडा निघाला. पलीकडे बाईंना काही कळलं नव्हतं. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण बादली हातभर खोल आणि बाई जाणार वीस मीटर खाली. बादलीत दर वेळी चूक पकडली जाईलच याची काय खात्री?

"ताई, जरा इकडे या," काकांनी हाक मारली. "पहिल्या वेळी पाणी आत गेलं होतं. रिंगवर केस होता. माझ्या बोटाला कळला नाही."

दुकानाचा तरुण मालक लगबगीनं आला. "काका, झाली ना आता कोरडी?" तो हळूच म्हणाला. "कशाला घाबरवताय त्यांना?"

"घाबरायलाच हवं," काका म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण आवाज त्यांनी सरळ ठेवला. डोक्यावरचा एक केस उपटून त्यांनी रिंगवर ठेवला. "ताई, डोळे मिटा. बोट फिरवा. दाबायचं नाही."

बाईंचं बोट अर्ध्या वाटेवर थांबलं. "इथे!"

"शाब्बास. आता खाली जाण्याआधी दर वेळी तुम्हीच बघायचं. काकांच्या भरवशावर राहायचं नाही."

बाईंनी तो केस चिमटीत धरून काढून टाकला. मग म्हणाल्या, "फोटो आले की आधी तुम्हाला दाखवते." लेन्स, फिल्टर, पेटी घेऊन त्या गेल्या. मालक गल्ल्यावर जाऊन बसला. काका उगाचच काच पुसत राहिले.

दुपारी एक जुना गिऱ्हाईक पेटी घेऊन आला. "काका, बोट फिरवा की एकदा. उद्या निघतोय."

काकांनी झाकण उघडलं. रिंग अलगद काढून पुसली, ग्रीस लावून जागेवर बसवली. मग गल्ल्याकडे वळून म्हणाले, "मालक, हात धुऊन या. जरा तुमचं बोट द्या."

मालकानं डोळे मिटून बोट फिरवलं. काका त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"काही नाही लागत, काका."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी त्याच्या शब्दावर पेटी बंद केली.