कच्च्या रंगाचा शर्ट

मित्रांनो, मला पाण्याची भीती वाटते. आगीची वाटते. आणि सगळ्यांत जास्त, माणूस गप्प बसला की वाटते. मी एक जुना, विटका, धावण्याचा शर्ट आहे. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते माझ्याबाबतीत अगदी खरे ठरले.

बहात्तरच्या दुष्काळात ईट गावात माझा जन्म झाला. तेरा वर्षांची अयोध्या उस्मानाबादला जिल्ह्याच्या शर्यतीत धावणार होती. पहिल्या दोघींना वसतिगृहात घेणार होते. तिथे शाळा होती आणि दोन वेळचे जेवणही होते. नंबर हुकला तर मात्र तिला आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जावे लागणार होते.

शर्टाचे कापड गावच्या सोसायटीने दिले. "पांढराच शिवा, स्वस्तात पडंल," चेअरमन आबाराव म्हणाले. पण अयोध्याने पाटीवर माझे चित्र काढून नेले होते. बिनबाह्यांचा, दोन्ही बाजूंना चिरा, पाठीवर सोसायटीचे नाव.

"लालच पायजे," ती म्हणाली. "लांबून आईला म्या दिसले पायजे."

शरणप्पा रंगाऱ्याने मला उकळत्या रंगात बुडवले. मी जाम घाबरलो. ओला गोळा त्याने अयोध्याच्या आईच्या, मथुराबाईच्या हातात दिला. "माझ्याकडं पाण्याचा थेंब न्हाय. घरी तीन पाण्यातून काढा, मगच रंग धरंल. इसरू नगा."

मथुराबाईने घागरभर पाणी राखून ठेवले होते. मला बुडवणार, तोच दारातल्या वगारीने, म्हशीच्या पारडीने, मान टाकली. तिची जीभ बाहेर आली होती. मथुराबाईने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि सगळी घागर वगारीपुढे ओतली. मला तसेच दोरीवर वाळत घातले. गोरोबा शिंप्याने मला शिवले, पाठीवर पांढरी अक्षरे लावली. सगळ्यांनी माझे कौतुक केले. माझा रंग कच्चा आहे हे फक्त मला आणि मथुराबाईला ठाऊक होते, आणि आम्ही दोघेही भीतीने गप्प होतो.

शर्यत भर उन्हात होती. अयोध्या पुढे होती. तिला घाम फुटला आणि माझा रंग सुटला. हातांवरून, पायांवरून लाल ओघळ आले.

"थांब पोरी! रक्त निघतंय!" पंच निशाण हलवत आडवे आले.

अयोध्याने खाली पाहिले. भीतीने तिचे पाय जागीच खिळले.

"रगत न्हाय गं! रंग हाय! पळ!" दोरीपलीकडून मथुराबाई ओरडली. अयोध्या पळाली, पण तोवर दोघी पुढे गेल्या होत्या. ती तिसरी आली.

आबारावांनी शरणप्पाला भर चावडीत झापले. सोसायटीने त्याला पुन्हा काम दिले नाही. मथुराबाई तिथेच खाली मान घालून उभी होती. घरी अयोध्या म्हणाली, "जाळून टाक ह्याला!" चुलीपाशी नेताना माझा जीव गेल्यासारखा झाला. पण मथुराबाईने मला उतरंडीच्या तळच्या मडक्यात लपवले. तिथे मी अकरा वर्षे काढली.

परवा गावात नळ आला. आज अयोध्या माहेरी आली. मथुराबाईने मला बाहेर काढले.

"रंगाऱ्याचा गुन्हा न्हाय, अयोध्या. त्यानं सांगितलं हुतं. घागर म्या वगारीला पाजली."

अयोध्याने चुलीकडे पाहिले. मला तर वाटले, आता चूलच.

"वगार जगली का?" तिने विचारले.

"जगली. पाच येळा व्याली ती."

"मग माझं ऱ्हाऊ दे, आई. पण शरणप्पामामांना सांगाय चल. आत्ताच."

आता मी मथुराबाईच्या मुठीत आहे. शरणप्पाचे दार आले आहे आणि तिचा हात कडीपाशी अडला आहे. आम्ही दोघेही घाबरलो आहोत.

मित्रांनो, नवे रंगीत कापड आधी तीन पाण्यांतून काढत जा. आणि पाणी दुसऱ्या कुणाला द्यावे लागलेच, तर तसे त्याच दिवशी सांगून टाका.